लाळेची नळी आणि आत्याची साक्ष : घरपोच ‘हार्ट जेनेटिक टेस्ट’ घ्यावी का?

किटला पाचपैकी दोन. किटसोबत मिळालेल्या समुपदेशनाला साडेचार. घाईत असाल तर एवढं वाचून थांबा. साडेबारा हजार घालण्याच्या विचारात असाल तर मात्र पुढचंही वाचा.

मालवणात माझं मेडिकल आहे. हल्ली बीपीच्या गोळ्या घेऊन येणारे औषध कंपन्यांचे एमआर बॅगेतून या डीएनए टेस्टची पत्रकंही काढतात. “ताई, फक्त लाळ द्यायची, हार्टचा पूर्ण रिपोर्ट, मार्जिन पण चांगलं.” दुकानातली प्रत्येक वस्तू मी स्वतः वापरून बघते असं अजिबात नाही, पण एवढं महागडं किट गिऱ्हाइकाला द्यायचं तर आधी आपल्यावर झालेलं बरं. शिवाय आमच्या घरात कारण होतंच. बाबा चोपन्नाव्या वर्षी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढतानाच वारले, काका त्याहूनही लहान वयात गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही. असं पॅकेज विकणाऱ्या बऱ्याच आहेत आणि त्यांची पत्रकं एक झाकावं, दुसरं काढावं इतकी सारखी आहेत.

किटचं आधी उरकते. खोक्यात एक नळी, एक नरसाळं, झाकणात टिकाऊ द्रावण आणि बारकोड. अर्धा तास आधी खायचं-प्यायचं नाही, मिश्री-तंबाखू नाही, मग खुणेपर्यंत लाळ भरायची. फेस मोजायचा नाही, हे कुणी ठळक लिहायला हवं होतं. द्रावणामुळे नमुन्याला बर्फ लागत नाही, मे महिन्याच्या उकाड्यातही तो टिकतो. सूचना इंग्रजी आणि हिंदीत आहेत, मराठीत नाहीत. मुंबई-पुण्यात घरी येऊन नमुना नेतात. आमचा पिनकोड त्यांच्या अ‍ॅपला मान्य नव्हता, म्हणून कुडाळला कामाला जाणाऱ्या भाच्याने तिथल्या कुरिअरच्या ऑफिसात नेऊन दिला. पॅकेज विकताना ‘संपूर्ण भारतात घरपोच’ म्हणायचं आणि नंतर कुडाळ दाखवायचं, ह्याचा एक तारा मी तिथेच कापला.

रिपोर्ट आला तो चाळीसेक पानांचा, रंगीत, पूर्ण इंग्रजीत. त्याचे तीन भाग.

पहिला भाग म्हणजे हजारो बारीकसारीक जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेला हृदयविकाराच्या धोक्याचा एक आकडा. माझा एकसष्टावा पर्सेंटाइल, म्हणजे शंभर जणांची रांग लावली तर साधारण एकसष्ट जण माझ्या खाली. हे आकडे बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बसवलेले असतात, आणि आपल्याकडे ते तितकेच नेमके लागू पडतात असं धरता येत नाही. रिपोर्टात हे लिहिलेलं आहे, शेवटून दुसऱ्या पानावर, औषधाच्या पट्टीवरची एक्सपायरी असते तेवढ्या अक्षरात.

दुसऱ्या भागात एकेक जनुक तपासलं होतं, आणि हा भाग खरोखर कामाचा. एलडीएलआर, एपीओबी, पीसीएसके९ ही जनुकं रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल काढून टाकण्याशी जोडलेली. केसीएनक्यू१, केसीएनएच२ आणि एससीएन५ए ही हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम आणि सोडियम आत-बाहेर सोडणाऱ्या वाटांची. यात बिघाड असेल तर लाँग क्यूटी किंवा ब्रुगाडा सिंड्रोमसारखे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारे आजार होतात आणि वरवर धडधाकट दिसणारा माणूस अचानक जाऊ शकतो. एमवायबीपीसी३ पण होतं, त्याचे गुण मात्र देते. या जनुकातला २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असणं दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतं आणि उतारवयात हृदयाचे स्नायू दुबळे होण्याशी त्याचा संबंध आहे, हे २००९ साली भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. परदेशातून उचललेल्या यादीत ते कदाचित राहून गेलं असतं. माझ्यात ते नाही. एससीएन५ए मध्ये एक बदल सापडला, त्यापुढे ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा. या शेऱ्याने माझी एक रात्र गेली. तो शेरा म्हणजे दोष सापडला असं नव्हे; असा बदल दिसतो, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे ठरवण्याइतका पुरावा जमलेला नाही, एवढंच. रिपोर्ट रात्री दहाला ईमेलवर टाकायचा आणि समुपदेशनाची वेळ पाच दिवसांनंतरची द्यायची, ही कुठली पद्धत?

आता तिसरा भाग, ज्याच्यासाठी मी पैसे भरले होते. ‘हार्ट अटॅकच्या वेळी कार्डिअ‍ॅक अरेस्टचा धोका’. खाली गाडीच्या मीटरसारखी तबकडी, काटा नारिंगी रंगात, ‘मध्यम ते जास्त’.

हा प्रश्न मुळात आहे काय, ते सांगते, कारण दुकानात रोज बघते की लोक दोन्ही एकच समजतात. हृदयाला रक्त देणारी नळी गुठळीने बंद झाली, त्या भागातला स्नायू मरायला लागला, की तो हार्ट अटॅक. त्यात माणूस शुद्धीवर असतो, घाम येतो, छाती दाबल्यासारखी होते, चालत डॉक्टरकडे पोचलेलेही मी पाहिलेत. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचं रक्त ढकलणंच थांबणं. अटॅकमध्ये ते बहुधा असं होतं : रक्त न मिळालेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपतं, त्या भागातला विद्युतप्रवाह मंदावतो, शेजारचा भाग मात्र नेहमीच्या वेगात असतो, आणि या ओढाताणीत प्रवाह गोल गोल फिरायला लागतो. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. नाडी जाते, काही सेकंदांत शुद्ध जाते. सर्वांत जास्त भीती पहिल्या तासातली, म्हणजे माणूस अजून घरात किंवा किनाऱ्यावरच असतो तेव्हाची.

दोन माणसांना जवळजवळ सारखाच अटॅक येतो, एकाचं हृदय असं थरथरतं आणि दुसऱ्याचं नाही. का? गुठळी कुठे बसली, स्नायूचा किती मोठा भाग अडकला, रक्तातलं पोटॅशियम कमी होतं का (लघवी वाढवणारी पाण्याची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी म्हणूनच मधूनमधून तपासून घ्यावं), ही कारणं आहेतच. पण काही वाटा आनुवंशिक असाव्यात असा संशय जुना आहे. पॅरिसमध्ये सरकारी नोकरीतल्या हजारो पुरुषांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून १९९९ साली जे छापून आलं त्यात आई-वडिलांपैकी एकजण अचानक गेलेला असेल तर त्या माणसाचा अचानक जाण्याचा धोका १.८ पट, दोघेही तसे गेले असतील तर ९ पटींहून जास्त निघाला. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रश्न आणखी नेमका केला : सगळेच पहिल्या अटॅकचे रुग्ण घेतले, निम्म्यांना त्यात फिब्रिलेशन झालेलं, निम्म्यांना नाही. २००६ चा त्यांचा निष्कर्ष असा की घरात कुणी अचानक गेल्याचा इतिहास पहिल्या गटात ४३ टक्क्यांकडे होता, दुसऱ्यात २५ टक्क्यांकडे.

त्याच संशोधकांनी २०१० साली संपूर्ण जनुकसंच चाळून २१ व्या गुणसूत्रावरची एक जागा दाखवली, सीएक्सएडीआर नावाच्या जनुकाच्या शेजारची. हे जनुक ज्या प्रथिनाचं, ते हृदयाच्या पेशी जिथे एकमेकींना चिकटतात त्या सांध्यावर असतं. एका पेशीतून दुसरीत प्रवाह नीट जातो की नाही यात त्याचा हात असावा हे नंतर उंदरांवरच्या प्रयोगातही दिसलं. त्या जागेवरचा धोक्याशी जोडलेला फरक ज्यांच्यात आहे त्यांच्यात फिब्रिलेशनची शक्यता त्या अभ्यासात जवळपास १.८ पट होती.

माझ्या रिपोर्टातला नारिंगी काटा या एका जागेवर उभा आहे. एका! आणि रिपोर्ट काय सांगत नाही ते ऐका. हा आकडा अटॅक आलेल्या लोकांची अटॅक आलेल्याच लोकांशी तुलना करून काढलेला आहे. ज्याला अटॅक आलेला नाही त्याच्यासाठी ‘मध्यम ते जास्त’ला काही बूड नाही. हा फरक दुर्मीळही नाही, भरपूर लोकांत सापडतो. अभ्यास डच लोकांवरचा. आणि पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, जर्मनीतल्या रुग्णांवर तोच धागा तपासला तेव्हा तसा संबंध दिसला नाही. संशोधन म्हणून ते मोलाचं आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याची तबकडी करून ती विकण्यावर आहे.

इथपर्यंत मी एक तारा द्यायच्या बेतात होते. मग समुपदेशनाचा व्हिडिओ कॉल झाला.

पुण्याच्या बाई होत्या, वयाने तिशीतल्या, स्वच्छ मराठीत बोलणाऱ्या. मी रिपोर्ट उघडून बसलेली आणि त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितला. “ताई, आधी घरातल्यांचं सांगा. कोण, कितव्या वर्षी, कसं गेलं?” मी म्हटलं, बाबा अटॅकने, काका अटॅकने. दाखल्यावरही तेच, ‘हृदयक्रिया बंद पडून’. त्या म्हणाल्या, हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते, दाखला सोडा. दुखायला लागल्यापासून पडेपर्यंत किती वेळ गेला? आधी कधी चक्कर येऊन पडले होते का? पोहताना, रागावल्यावर, झोपेत? लहानपणी गेलेलं मूल आहे का घरात? मला यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नव्हतं. शेवटी आत्याला बोलावलं. ती पडवीत कोकमं फोडत होती, हात तसेच लाल घेऊन मोबाइलसमोर येऊन बसली.

“ह्येच्या बापाशीक सकाळपासून दुखत होता,” आत्याने सुरुवात केली. “सोडा प्यालो, रापणीर गेलो. दुपारी वडूक लागले आनि थंयच बसलो.”

“आणि काका?”

“तो दुखता म्हणून बोललोच नाय गो बाय. पेज जेवलो, हात धुवूक उठलो, पडलो. बस.”

“तुमच्या वडिलांचं काय झालं, आजी?”

“बापूस म्हातारो होवन गेलो. पण आमचो आजो... लोक म्हणतत माडावरसून पडान मेलो. खोटा. तो माडाच्या मुळात बसलेलो, थंयच कोसाळलो. लोकांनी त्येका माडार चढवल्यानी.”

बाई हसल्या नाहीत. स्क्रीनवर चौकोन आणि गोल काढून त्या आमची वंशावळ मांडत होत्या, गेलेल्यांवर तिरकी रेघ, पणजोबांपुढे प्रश्नचिन्ह. चार पिढ्या एका कागदावर मी पहिल्यांदा पाहिल्या. आत्याला मग हुरूप आला आणि ती वेंगुर्ल्याला दिलेल्या चुलत बहिणीपर्यंत पोचली. तिला बाईंनी मोठ्या गोडीने परत वळवलं. तिथे अर्धा तारा वाढला.

मग त्यांनी सांगितलं ते मला जसं कळलं तसं. आमच्या घरात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, अटॅक लवकर का येतात. दोन, आलेल्या अटॅकमध्ये माणूस झटकन का जातो. दुसऱ्या प्रश्नाला आज विकत घेता येईल असं खात्रीचं जनुकीय उत्तर नाही, घरातला इतिहास हाच त्यातला सगळ्यात भरवशाचा धागा. आणि पहिला प्रश्न आटोक्यात आला तर दुसरा बऱ्याच अंशी उभाच राहत नाही. म्हणून त्यांनी लिहून दिलं ते जनुकाचं नव्हतंच : सगळ्या भावंडांचं लिपिड प्रोफाइल, शुगर, बीपी, एक साधा ईसीजी ज्यात क्यूटीचं अंतर (हृदयाच्या खालच्या कप्प्यांना आकुंचन पावून पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) मोजून लिहिलेलं असेल, आणि लिपोप्रोटीन (ए), म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. हे शेवटचं बहुतेक पॅकेजात नसतं, वेगळं मागावं लागतं. त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिकतेनेच ठरते आणि आयुष्यभर फारशी हलत नाही, त्यामुळे मोठेपणी एकदा तपासलं तरी सहसा पुरतं. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या गोष्टी अधिक कडक सांभाळायच्या.

माझं सगळं मर्यादेत निघालं. डोंबिवलीच्या दादाला फोन केला तर “गणपतीत येतंय तेव्हा बघूया” हे ठरलेलं उत्तर. वहिनीने मनावर घेतलं म्हणून झालं. त्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २१८. १९० च्या वर असेल तर जन्मजात कोलेस्टेरॉलचा आजार आहे का ते बघतात. तो साधारण अडीचशेत एकाला असतो, म्हणजे आपल्याला वाटतो तितका दुर्मीळ नाही. दादाचा नमुना गेला आणि एलडीएलआरमध्ये बिघाड सापडला. माझा रिपोर्ट त्याच जनुकात स्वच्छ होता. आई-वडिलांपैकी एकात असा दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दादाला मिळाला, मला नाही. आता हाच मुद्दा कंपनीने विकताना सांगायला हवा होता. घरात एकाचीच चाचणी करायची तर ज्याला त्रास आहे किंवा ज्याचे आकडे बिघडलेत त्याची आधी करा. माझा स्वच्छ रिपोर्ट घेऊन आम्ही सगळे निवांत बसलो असतो, आणि तो माझ्याशिवाय कुणालाच लागू नव्हता. दादाला डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन सुरू केलंय. दादाच्या मुलीचीही तपासणी झाली, ती सुटली.

एससीएन५ए मधल्या त्या अनिश्चित बदलाचं काय? माझा ईसीजी सरळ आहे, म्हणून त्यावर काही करायचं नाही, दोन-तीन वर्षांनी त्याचा अर्थ बदललाय का ते विचारायचं. ज्यांना खरोखर लाँग क्यूटी आहे त्यांच्यासाठी मात्र माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, डोमपेरिडोन ही रोजच्या खपाची औषधं क्यूटी लांबवू शकतात. सर्दी झाली म्हणून काउंटरवर येऊन “ती तीन दिवसांची गोळी द्या” म्हणणाऱ्यांना मी चिठ्ठी मागते तेव्हा त्यांना मी खडूस वाटते. वाटू दे.

पैशांचा हिशोब. साडेबारा हजारांत लाळ, रिपोर्ट आणि एक समुपदेशन. लिपिड, शुगर, ईसीजी आणि लिपोप्रोटीन (ए) हे सगळं मिळून आमच्या भागात त्याच्या एक चतुर्थांशातही होतं, आणि दादाचा धोका पकडला तो यातल्या सगळ्यात स्वस्त तपासणीने. घरात चाळिशी-पन्नाशीत अचानक गेलेलं कुणी नसेल, एलडीएल ठीक असेल, तर हे किट घेऊ नका. असेल, तर आधी वर लिहिलेलं करा, मग हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले तर फक्त जनुकांची यादी तपासणारी चाचणी घ्या. पर्सेंटाइल आणि तबकडीवाल्या पॅकेजसाठी जास्तीचे पैसे टाकण्यात अर्थ नाही.

आणि मालवणसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी तबकडीपेक्षा रस्त्याचा विचार करावा. अँजिओप्लास्टीसाठी आमच्याकडून लोक गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला नेतात. गोव्याचा रस्ता अडीच-तीन तासांचा, घाट पावसात कधी बंद होईल याचा नेम नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या कुठल्या दवाखान्यात मिळतं हे आजच विचारून ठेवा. सॉर्बिट्रेट खिशात ठेवणारे खूप आहेत. ती गोळी दुखणं कमी करते, थरथरणारं हृदय ताळ्यावर आणत नाही. त्याला विजेचा झटकाच लागतो, आणि तो मिळेपर्यंत कुणी छाती दाबली नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ लावायचा, छातीच्या मधोमध किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं. रापणीवर माणसं कमी नसतात. बाबांच्या वेळी तिथे वीसेक तरी असतील, आणि सगळे त्यांना वारा घालत होते. दोऱ्या ओढणाऱ्या त्या हातांना हे शिकवायला एक दुपार पुरते, यंदा हंगामाआधी आमच्या वाडीत आम्ही ती ठेवली. सरावाची बाहुली नव्हती, तांदळाच्या पोत्यावर भागवलं.

कंपनीला मी विचारलं, किटशिवाय नुसतं समुपदेशन विकत देता का? उत्तर आलं, सध्या पॅकेजमध्येच आहे. द्यायला लागले तर मी सर्वांत आधी तेच सुचवीन. तोवर मोठ्या रुग्णालयांतल्या जेनेटिक विभागात वेळ घ्या. जाताना जुने ईसीजी, घरातल्या सगळ्यांचे लिपिड रिपोर्ट आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाई घेऊन जा. तिला प्रवास झेपत नसेल तर फोनवर बसवा, पण चार्जिंग पूर्ण ठेवा. आमची आत्या सव्वा तास बोलली.